न दचकणारी मुलं

सोमवार, ३ नोव्हेंबर

पोचले एकदाची. बोटीने या धक्क्यावर उतरवलेला माल एवढाच: कोंबड्यांच्या दोन टोपल्या, एक शिवणयंत्र आणि मी. खलाशी माझ्या क्रेसेन्सियोच्या ओळखीचा निघाला. माझी पेटी त्याने फाटकापर्यंत आणून दिली आणि वर म्हणाला, न्या निमिया (न्या म्हणजे आमच्याकडे बाई), तुमच्या घरधन्याची हाक या काठावरून त्या काठाला पोचायची. मी हसले. तीन वर्षांनी का होईना, त्याच्या आठवणीला हसता आलं.

घर पाहून जीव निवला. लांबट, पांढरं, वर पत्रे, पुढे ओसरी, आणि पत्र्यांवर ओणवलेली तीन जुनी आंब्याची झाडं, फळांनी वाकलेली. इथे मी स्वयंपाकीण. राहायला परसाकडची खोली मिळाली आहे, खिडकीतून नदी दिसते.

इथे सहा मुली राहतात. काही पोटुशी, काही नुकत्या बाळंत झालेल्या. सगळ्या चेस्पीतून सोडवून आणलेल्या, असं गावात म्हणतात. चेस्पी म्हणजे कोकेनचा गाळ, जाळून त्याचा धूर ओढतात. आमच्या बंदरावर त्यापायी रस्त्यावर आलेल्या पोरी मी पुष्कळ पाहिल्या. दोन्या एर्सिलिया, म्हणजे एर्सिलियाबाईसाहेब, हे घर चालवतात. त्या महापौरांच्या मेहुणी आहेत, पण तोरा नाही. माझा हात हातात घेऊन म्हणाल्या, आमच्या घराची ख्याती एकाच गोष्टीची आहे, इथे शांतता असते.

पेटीतून तीन पुस्तकं काढून खिडकीत लावली. शाळेचा भूगोल, शेतीचं एक जुनं पंचांग, आणि शेवटची पानं फाटलेली एक कादंबरी. शाळा मी बाहेरूनच पाहिली. पोत्यांवरचे शिक्के आणि साबणाची वेष्टनं वाचत वाचत अक्षरं जुळवली. ती कादंबरी चार वेळा वाचली आहे आणि दर वेळी शेवट आपल्या मनाने केला आहे.

बुधवार, ५ नोव्हेंबर

स्वयंपाक हे अर्धंच काम. उरलेलं अर्धं म्हणजे तेरेरे पाजणं. सकाळी एक फेरी आणि दुपारच्या झोपेनंतर एक. मी उखळात पुदिना आणि गवती चहा कुटते, बर्फाच्या पाण्याच्या सुरईत टाकते, शिंगाच्या पेल्यात येर्बाची पत्ती भरते आणि वरून ते पाणी ओतते. पहिलं पाणी संत तोमासचं, ते पत्तीच पिऊन टाकते. दुसरं वाढणारीचं, म्हणजे माझं. मग तोच पेला, तीच नळी, ओसरीवर गोल बसलेल्या सगळ्यांना. जिला पुरे झालं ती पेला परत देताना ‘आभार’ म्हणते, की मग तिला वाढायचं नाही. आमच्या गावी एक परदेशी पाद्री आला होता. बिचाऱ्याने सभ्यपणाने पहिल्याच पेल्याला आभार मानले आणि सबंध दुपार आमच्या नळ्यांकडे बघत बसला.

या घराचा नियम असा की तिसऱ्या फेरीआधी कोणी आभार म्हणायचं नाही. गरमी फार, पोटातल्या बाळांना पाणी हवं, असं दोन्या एर्सिलिया सांगतात. सुरईत शेवटी त्या आपल्या हाताने तपकिरी बाटलीतलं काही घालतात. राजधानीहून आणलेला कसल्याशा मुळीचा अर्क. आमच्याकडे पाण्यात काही ना काही औषधी असतंच आणि काय कुटलंय हे कोणी विचारत नाही. नळीने ओढायचं आणि पेला पुढे द्यायचा.

त्या स्वतः मात्र गार पाणी घेत नाहीत. पोटाचं दुखणं आहे म्हणतात. आपला गरम माते, म्हणजे तीच येर्बा गरम पाण्यातली, वेगळा घेऊन बाजूला बसतात.

रविवार, ९ नोव्हेंबर

दुपारी अशी झोप लागते, सांगता सोय नाही. क्रेसेन्सियो गेल्यापासून मी दुपारची डोळे टक्क उघडे ठेवून पडायची. रडू ठरल्या वेळी यायचं, जशी पाणी भरायची वेळ असते तसं. इथे उशीला डोकं टेकलं की संपलं.

मुलींमध्ये रुतिलिया नावाची एक आहे, विशीतली, सातवा महिना, बोटांची टोकं धुराने भाजलेली. तोंडाने फार फटकळ. माझ्या चष्म्यावरून तिने मला पुस्तकवाली मावशी असं नाव ठेवलंय. मांदियोकाचा कंद मी फार शिजवते, तिच्या मते मला दात नाहीत म्हणून बाकीच्यांनाही चिखल खावा लागतो. मी तिला म्हटलं, तुझ्या जिभेला हाड नाही तेव्हा तुलाही मऊच बरं. हसली. इथे हसणारी ती एकटीच.

शुक्रवार, १४ नोव्हेंबर

आज एक गोष्ट झाली, ती लिहून ठेवते.

दुपारी घर झोपलं होतं. धुतलेले लंगोट ठेवायला मी बाळांच्या खोलीत गेले. चार पाळणे. चारही बाळं जागी होती, डोळे उघडे, वर पत्र्याकडे. एवढ्यात पत्र्यावर आंबा पडला. बंदूक उडाल्यासारखा आवाज होतो. माझ्या हातून लंगोट सांडले. चौघांपैकी एकाचीही पापणी लवली नाही. बाळं दचकली की हात कसे दोन्हीकडे उडतात, तसे कोणाचेच उडाले नाहीत.

मी वाकून पाहिलं. श्वास चालू होते. हात उचलला तर ओल्या फडक्यासारखा परत पडला. टाळी वाजवली. मग टोपलं आपटलं. सगळ्यात लहान बाळाने मान माझ्याकडे वळवली, पण पार उशिरा, जणू तो आवाज त्याच्याकडे नदीपलीकडून चालत आला.

तेव्हा मला कळलं की इथे आल्यापासून मी बाळाचं रडणं ऐकलेलंच नाही.

संध्याकाळी दोन्या एर्सिलियांना विचारलं. त्यांनी उसासा टाकला. म्हणाल्या, आया नऊ महिने धूर ओढतात, मग मुलांकडून काय अपेक्षा करायची? निदान आमच्याकडे ती शांत असतात.

बुधवार, १९ नोव्हेंबर

ते लहान बाळ लिदुविनाचं. लिदुविना सतरा वर्षांची, बोलायला लाजणारी. आज भाजी निवडताना रुतिलियाने मला सांगितलं की लिदुविनाने जन्मात चेस्पी पाहिलेलीही नाही. ती एका मोठ्या घरी राहून काम करायची. तिला दिवस गेले तेव्हा घरातल्या मुलाचं नाव निघू नये म्हणून तिला चेस्पीवाली म्हणून इथे पोचवलं.

मग तिचं बाळ का रडत नाही, असं मी विचारलं. रुतिलिया म्हणाली, बाकीच्या पोरी म्हणतात की जासी जातेरे येतो, तो सोनेरी केसांचा भर दुपारी फिरणारा पोरगा, आणि बाळांचा आवाज घेऊन जातो. तिने हे थट्टेने सांगितलं, पण सांगताना हात पोटावर होता. चौथ्या महिन्यापर्यंत मी ओढलं, म्हणाली. पोटात पहिल्यांदा हललं त्या दिवशी सोडलं. कोणी सोडवलं नाही, मी सोडलं. गादी चावून चावून सोडलं. इथे सगळे सांगतात की जे व्हायचं ते होऊन गेलंय.

मग तिने मला जे विचारलं ते इतक्या हळू विचारलं की भाजीचा आवाज जास्त होता.

“मावशी, माझं ओरडेल ना?”

सोमवार, २४ नोव्हेंबर

आरोग्य केंद्रातून नर्स ओब्दुलिया वजनं घ्यायला आल्या. घाईची, गोड बाई. चिपा, म्हणजे चीज घातलेला पाव, खाता खाता मला म्हणाल्या, नशीबवान आहात. जिल्ह्याच्या दवाखान्यात चेस्पीची मुलं जन्मतात ती नुसती किंचाळतात, हातपाय थरथरतात, जरा दार वाजलं की दचकतात, सगळा वॉर्ड जागवतात. काही पुढे शाळेत चंचल निघतात, काही चांगली सावरतात, आईचा हात आणि अन्न मिळालं तर पुष्कळच. तुमच्याकडची मात्र गुणी.

त्यांनी हे कौतुकाने सांगितलं. मी हातातला चिपा खाली ठेवला.

धुराची मुलं दचकतात. मग आमची कशाची आहेत?

गुरुवार, २७ नोव्हेंबर

आज उखळापाशी मुसळ हातातून निसटलं. परवा लिहिताना ‘चाळणी’ हा शब्द आठवेना, जागा सोडून ठेवली होती. वय झालं म्हणून सोडून दिलं होतं.

सकाळच्या फेरीत माझा पेला घेतला आणि पुदिन्याच्या खाली जिभेच्या मुळाशी एक कडवट चव लागली. ही चव मला माहीत आहे. फेफऱ्याच्या गोळ्यांची. क्रेसेन्सियोला गोळी गिळता यायची नाही, मी ती पेरूच्या वडीत कुस्करून द्यायची आणि बोट चाटायची. तो म्हणायचा, निमिया, डोक्यावर ओलं कांबळं टाकल्यासारखं होतं, नदी लांब गेल्यासारखी वाटते.

मी नदीकडे पाहिलं. लांब गेली होती.

गोळ्यांसाठी आम्ही रांगेत उभे राहायचो तिथे एक बाई यायची, कडेवर मुलगा, चार वर्षांचा, मान धरत नसलेला. पहिल्या खेपेला तीही अशीच गोळी घ्यायची, तिला फेफरं होतं. डॉक्टरने तिला सांगितलेलं तिने मला सांगितलं होतं, की पोटातल्या बाळाचा मेंदू शेवटच्या दिवसापर्यंत घडत असतो आणि आई घेते ते त्यालाही पोचतं. दुसऱ्या खेपेला तिचं औषध बदललं. ती मुलगी रांगेत सगळ्यांच्या पिशव्या ओढायची.

मग खोलीत येऊन मी डोळे मिटले आणि क्रेसेन्सियोची हाक आठवायचा प्रयत्न केला. बोट वळणावर आली की तो मारायचा ती, निमिया-ए. रोज सकाळी उठताना ती मला ऐकू यायची. रडूही तिथूनच सुरू व्हायचं.

आली नाही.

मला वाटत होतं मी सावरले. सावरले कसली. चोरी झाली आहे. माझं दुःख माझं होतं, ते घेताना कोणी मला विचारलं नव्हतं.

आणि इतके दिवस वाढत होते ती मी. माझ्या हाताने.

शुक्रवार, २८ नोव्हेंबर

रुतिलियाला सांगितलं. ती पाय आपटील, भांडी फोडील असं वाटलं होतं. ती म्हणाली, म्हणजे मी एका विषाशी भांडून आले आणि दुसरं तू मला गार करून पाजलंस. मी म्हटलं, उद्याच्या बोटीने जाते आणि जिल्ह्याला सांगते. ती म्हणाली, खुशाल जा. चेस्पीच्या पोरींचं आणि एका स्वयंपाकिणीचं ऐकून महापौर आपल्या मेहुणीला पकडायला धावत येतील. तू गेलीस तर पेला दुसरीच कोणी धरेल, पुस्तकवाले. पेला तुझ्याच हातात राहू दे.

राहिले.

बुधवार, ३ डिसेंबर

आठ तारखेला काआकुपेच्या माउलीचा, आमच्या कुमारी मातेचा सण. त्याआधीची नऊ दिवसांची प्रार्थना चालू आहे. दोन्या एर्सिलिया सकाळ-दुपार देवळात असतात. सुरईत बाटलीतलं घालून जातात, त्यांच्या पाठीमागे मी ते आंब्याच्या बुंध्याशी ओतते.

सगळं एकदम ओतत नाही. एकदा पुराच्या वेळी क्रेसेन्सियोच्या गोळ्या संपल्या आणि त्याला एकामागून एक झटके आले होते. हे औषध तडकाफडकी तोडायचं नाही, हे तेव्हा कळलं. म्हणून रोज थोडं जास्त ओतते, थोडं कमी राहू देते.

हात थरथरतात. अक्षर बघा कसं झालंय. मुली चिडचिड करू लागल्यात. दोघींनी एकमेकींच्या झिंज्या ओढल्या. रुतिलियाला जुनी तलफ उसळली आहे, ती टॉवेल दातात धरून परसात येरझाऱ्या घालते आणि मला शिव्या देते. मी तिच्याबरोबर चालते. शिव्या ऐकायला गोड वाटतात.

शनिवार, ६ डिसेंबर

आंबा पडला. लिदुविनाच्या बाळाचे हात उडाले.

दोन्हीकडे. बोटं फाकलेली. मग ओठ वाकडा झाला आणि गळ्यातून दाराच्या बिजागरीसारखा एक बारीक आवाज आला. लिदुविना धावत आली आणि दारातच उभी राहिली. तिला तो आवाज कशाचा हे कळेना. मी म्हटलं, अगं उचल, रडतोय तो. ती म्हणाली, हा असा रडतो होय?

रुतिलियाचं पोट तर बघतच राहावं. लाथांनी झगा उडतो. सगळ्या पोरी रांगेने हात लावून गेल्या.

सोमवार, ८ डिसेंबर

माउलीचा सण. गावात फटाके. घरात चार बाळं पाळीपाळीने रडताहेत, एक थांबलं की दुसरं. कान किटले. मका आणि चीज घालून मोठा सोपा, म्हणजे आमचा खारा केक, भाजला, तो एका बाजूने जळला, सगळ्यांनी मला नावं ठेवत संपवला.

पहाटे त्याची हाक आली. निमिया-ए. मी पोटभर रडले. परत मिळालं.

बुधवार, १० डिसेंबर

धर्मादाय मंडळाच्या बायका घर पाहायला आल्या होत्या. आतून रडण्याचा कल्लोळ. एक बाई हसून म्हणाली, आज काय झालं तुमच्या देवदूतांना?

त्या गेल्यावर दोन्या एर्सिलिया स्वयंपाकघरात आल्या. सुरईत बोट बुडवलं, जिभेला लावलं. केव्हापासून, असं विचारलं. मी सांगितलं. त्या रागावल्या नाहीत. खुर्ची ओढून बसल्या, एक आंबा सोलला आणि फोडी करून माझ्यापुढे ठेवल्या. त्याच क्षणी मला पहिल्यांदा भीती वाटली.

त्या म्हणाल्या, आधी हे घर कसं होतं ते तू पाहिलं नाहीस. खिडक्या फुटायच्या, पोरी पळायच्या, एक नदीत गेली. बाटली आली आणि कोणी मेलं नाही. मी म्हटलं, बाळांचं काय? तेव्हा त्यांनी सुरी पुसून ठेवली.

“त्यांची डोकी आयांनी पोटातच जाळून टाकलीत, निमिया. राखेला झोप लागली तर कुणाचं काय बिघडलं?”

मी लिदुविनाचं नाव घेतलं. ती कधीच ओढत नव्हती, म्हटलं. त्या म्हणाल्या, आज ना उद्या ओढलं असतं.

रुतिलिया दारात येऊन उभी होती. दोन्ही हात कमरेवर, पोट पुढे, आणि ते पोट आपल्या आपण हलत होतं.

“राख लाथा मारत नाही, बाई.”

दोन्या एर्सिलियांनी तिच्या पोटाकडे पाहिलं. उतू जाऊ पाहणाऱ्या दुधाकडे बघावं तसं. आंबा मी खाल्ला नाही.

सोमवार, १५ डिसेंबर

फाटकाला कुलूप. फाटकवाला दिवसभर तिथेच. जडीबुटीवाली म्हातारी बाहेरून जुड्या ठेवून जाते. तिच्याकडे नर्स ओब्दुलियांसाठी निरोप दिला होता. दुसऱ्या दिवशी तिने मान वर केली नाही. पोचला की नाही, कळायला मार्ग नाही.

आता दोन्या एर्सिलिया स्वतः वाढतात. बाटली नवीन, मोठी. पहिला पेला मला, वाढणारीचा मान म्हणून. काठोकाठ. पिऊन दाखवायचा.

शनिवार, २० डिसेंबर

मी रुतिलियाच्या आधी बसते. पेला माझ्या हातातून तिच्याकडे जातो. जाता जाता मी नळीने ओढून घेते. तिच्या हातात नुसती ओली पत्ती. मग ती रिकामी नळी वाजवते, खळखळ, खूप प्यायल्यासारखी. नाटकी कार्टी. माझे दोन वाटे होतात. तिचा नाही.

पाय जड. जिना चढताना भिंत धरते— इथे जिना नाहीच. ओसरीची पायरी म्हणायचं होतं.

बाळं पुन्हा गप्प झाली. दुधातून जातं. लिदुविनाचं सगळ्यात शेवटी थांबलं.

२४ डिसेंबर

नाताळच्या गोठ्याच्या देखाव्याला नारळाचा फुलोरा लावला. घरभर वास. क्रेसेन्सियोला आवडायचा. आवडायचा ना? आवडायचा. इथे लिहून ठेवते म्हणजे कोणी काढून घ्यायला नको: त्याला नारळाच्या फुलोऱ्याचा वास आवडायचा. हाक अशी होती: निमिया-ए. शेवटचा स्वर लांब. वर चढणारा.

नर्स आल्या नाहीत या महिन्यात.

१ जानेवारी

दुपारी खिडकीत एक पोरगा दिसला. सोनेरी केस. ओठांवर बोट ठेवून उभा. मी त्याला म्हटलं, तू नाहीस. तू असतास तर बरं झालं असतं, तुला मध ठेवून वाटेला लावलं असतं. आमचा चोर पेल्यात राहतो. गेला.

औषधाने दिसतं असं. माहीत आहे मला. तरी त्याची पापणी लवत नव्हती.

६ जानेवारी, तीन राजांचा सण

हे नीट लिहायचं आहे. सावकाश लिहिते.

सकाळची फेरी. दोन्या एर्सिलियांनी पहिला पेला मला दिला. मी रात्रीपासून ठरवलं होतं. पेला हातात धरला. प्यायले नाही. परत दिला. म्हटलं—

“आभार.”

त्या म्हणाल्या, तिसऱ्या फेरीआधी नाही. आणि पेला रुतिलियाकडे केला. रुतिलिया म्हणाली, आभार. मग लिदुविना. आवाज फुटेना तिचा, ओठ हलले, पण पेला परत गेला. मग बाकीच्या चौघी. आभार, आभार, आभार, आभार. शेवटची तर हसली. कोणी ठरवून दिलेलं नव्हतं. मी कोणाला सांगितलं नव्हतं. आमच्या देशात आभार म्हटलेल्या माणसाच्या तोंडाशी पेला कोणी नेत नाही, शत्रूच्याही नाही. त्यांचा हात हवेत तसाच राहिला.

मग म्हणाल्या, ठीक आहे, दुसरं पाणी मिळणार नाही. नळाची किल्ली कमरेला लावली.

आम्ही आंबे खातो आहोत. पत्र्यावर पडतात, पोरी पळत जाऊन उचलतात, चोखतात. हनुवट्या पिवळ्या. रुतिलिया म्हणते, बाळदेवाला आणलं तसं तीन राजांनी आम्हालाही सोनं आणलं.

७ जानेवारी

मला खोलीत बंद केलं. मीच चिथावलं म्हणतात. फाटकवाला हात धरतो, दोन्या एर्सिलिया चमच्याने पाजतात— नाक दाबून. थुंकले. पुन्हा. काही गेलं पोटात.

तोडायचं नाही तडकाफडकी. पोरींना थरथर सुटली असेल. खिडकीतून ओरडून सांगितलं, पडून राहा, एकमेकींना धरून राहा, कुशीवर. लिदुविना ओरडली, हो मावशी. लिदुविना! ओरडली.

८

चमचा. दोनदा. नदी दिसत नाही. नदी आहे का तिथे

क्रेसेन्सियो. फुलोऱ्याचा वास. हाक— शेवटचा स्वर— वर की खाली. वर. मागच्या पानावर पाहिलं. वर चढणारा

९ दुपार

रुतीला कळा.

पोरींनी स्वयंपाकघराचं दार आतून लावलंय. टेबल सरकवल्याचा आवाज. माझ्या दाराच्या फटीतून दिसतं: दोन्या एर्सिलिया बाहेर उभ्या, हातात बाटली आणि चमचा. दार ठोठावतात. हळू. सभ्यपणे. म्हणतात, तिला त्रास होतोय, एवढं घेऊ दे. आतून सगळ्यांनी मिळून— आभार. आभार. आभार.

हसू येतं मला. हात जड

लिहीत राहायचं. लिहिते तोवर जागी आहे. भूगोल: नदी उत्तरेकडून येते. ‘चाळणी’. चाळणी. आठवला

फाटकाशी कोणीतरी कुलूप वाजवतंय. बाईचा आवाज. घाईचा. ओब्दुलिया? निरोप पोचला म्हणजे. की माझ्या डोक्यातच

रुती ओरडली. मग शिवी दिली. मोठी. शाबास

आता गप्प. सगळं गप्प. दार ठोठावणंही थांबलं. सगळे ऐकताहेत. दोन्या एर्सिलियाही. भर दुपार, पान हलत नाही. झालं असावं. झालं. मग आवाज का नाही

का नाही

निमिया उठ. डोळे उघड. ऐक

नाही येत

पत्र्यावर आंबा पडला. आणि आत नवंच कोणीतरी दचकून—